ग्रामीण मलावीतील गरिबी, एड्स आणि मुले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एड्सचा प्रश्न साऱ्या आफ्रिकेचा असताना येथे मलावीविषयीच का लिहिले आहे?

आफ्रिका खंडात पन्नासहून अधिक देश आहेत आणि एचआयव्हीचा प्रसार त्या सर्वांत सारखा कधीच नव्हता. पश्चिमेकडील सेनेगलमध्ये प्रौढांतील लागणीचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास रोखले गेले, तर दक्षिणेकडील इस्वातिनीत ते पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेले. त्यामुळे संपूर्ण खंडाबद्दल एका दमात केलेली विधाने बहुधा फसवी ठरतात. मलावी हा आग्नेय आफ्रिकेतील, एका विस्तीर्ण सरोवराच्या काठचा, पण समुद्रकिनारा नसलेला देश आहे. २०१८ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी होती आणि त्यातील ८४ टक्के लोक खेड्यांत राहत होते. जागतिक बँकेच्या २०२५ पर्यंतच्या मोजमापाप्रमाणे साधारण सत्तर टक्के लोकांची गुजराण दिवसाला २.१५ डॉलरपेक्षा कमी रकमेत होत होती. एड्सचा पहिला रुग्ण तेथे १९८५ मध्ये नोंदवला गेला आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साधारणपणे सात प्रौढांमागे एकाला लागण झालेली होती. मुलांवरील परिणामांचा दीर्घ मुदतीचा अभ्यास जेथे शेजारच्या देशात झाला आहे, तेथे त्या देशाचा उल्लेख केला आहे.

गरिबीमुळे एड्स पसरतो, हे खरे आहे का?

इतके सरळ नाही. गरिबीमुळेच हा आजार पसरत असता, तर खंडातील सर्वांत गरीब देशांत तो सर्वाधिक असायला हवा होता. प्रत्यक्षात त्याचा सर्वांत मोठा फटका बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिका या तुलनेने सधन देशांनाही बसला. मलावीतही शहरांतील लागणीचे प्रमाण खेड्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. अनेक आफ्रिकी देशांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत तर सर्वांत गरीब गटापेक्षा बऱ्या स्थितीतील लोकांमध्येच लागण अधिक दिसली. हातात पैसा असलेला, व्यापारासाठी किंवा नोकरीसाठी फिरणारा पुरुष या साथीच्या सुरुवातीच्या काळात अधिक धोक्यात होता. युगांडातील राकाई जिल्ह्यात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या कासेन्सेरो या मासेमारी आणि व्यापाराच्या गावात, १९८२ च्या सुमारास माणसे झिजून मरू लागली, तेव्हा त्यांतही व्यापारीच ठळकपणे दिसत होते. मलावीतील पुरुष कित्येक पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरीला जात. वर्षानुवर्षे बायकामुलांपासून दूर, पुरुषांच्या वसतिगृहांत राहणे हे त्या मजुरीचे स्वरूप होते, आणि विषाणूला प्रवासासाठी याहून सोयीची व्यवस्था क्वचितच मिळाली असती.

मात्र लागण कोणाला होते हा एक प्रश्न आहे आणि लागण झाल्यावर कोणाचे काय होते हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात गरिबीला निर्विवाद पहिले स्थान आहे. शिवाय शहरात आजारी पडलेला माणूस नोकरी गेल्यावर मरायला गावी परततो, त्याची शुश्रूषा गावातील आईला करावी लागते आणि त्याची मुलेही मागे गावातच राहतात. म्हणजे शहरातील लागणीचा हिशेबही शेवटी खेड्यातील घरालाच चुकता करावा लागला.

घरातील एका माणसाच्या आजारपणाने संपूर्ण कुटुंब कसे बुडते?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर बहुधा हेच आहे. मुलांचे जे काही होते ते यातूनच होते, म्हणून ते सविस्तर दिले आहे.

मलावीतील ग्रामीण कुटुंबाकडे साधारणपणे एक हेक्टरहूनही कमी जमीन असते. तिच्यावर मका पिकतो, मक्याच्या पिठाचा ‘न्सिमा’ हा घट्ट उकडलेला पदार्थ रोजचे जेवण असतो आणि शेतीची जवळजवळ सगळी कामे कुदळीने, हातांनी केली जातात. बैल किंवा यंत्र नसलेल्या अशा शेतीत घराची खरी मालमत्ता म्हणजे काम करणारे हात. एड्स हा अन्य आजारांप्रमाणे प्रामुख्याने लहान मुलांना किंवा वृद्धांना गाठत नाही. तो ऐन उमेदीतल्या, वीस ते पंचेचाळीस वयाच्या माणसाला गाठतो, आणि औषधे उपलब्ध नसलेल्या काळात तो त्याला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवून ठेवत असे. त्याचे दोन हात शेतातून जातातच, पण त्याला उठवणारी, धुणारी, भरवणारी, त्याच्यासाठी दुरून पाणी आणणारी बायको किंवा मुलगीही शेतावर जाऊ शकत नाही.

पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरमधील पहिल्या पावसावर होते आणि नवा मका एप्रिलच्या सुमारास हाती येतो. जानेवारी ते मार्च हे कणगी रिकामी होण्याचे महिने. ज्या घरात आजारी माणूस आहे ते घर या महिन्यांत दुसऱ्याच्या शेतावर ‘गान्यू’ करायला, म्हणजे रोजंदारीला जाते, कारण त्या दिवशीच्या जेवणाची सोय त्याशिवाय होत नाही. पण नेमक्या याच महिन्यांत स्वतःच्या शेतातील तण काढायचे असते. दुसऱ्याच्या शेतातील तण निघते, आपल्या शेतातले वाढते, आणि पुढच्या वर्षीची कणगी आणखी लवकर रिकामी होते. ‘गरिबीचे दुष्टचक्र’ हा शब्दप्रयोग भाषणांतून वापरून वापरून गुळगुळीत झाला असला, तरी येथे ते चक्र कोणत्या महिन्यात कोणत्या कामाने फिरते हे बोट ठेवून दाखवता येते.

दरम्यान घरातील वस्तू ठरावीक क्रमाने बाहेर जाऊ लागतात. आधी कोंबड्या, मग शेळ्या, मग सायकल किंवा रेडिओ, कधी छपराचे पत्रेसुद्धा विकले जातात. पैसा आधी गावातील वैदूकडे, मग रुग्णालयाच्या वाटखर्चात आणि शेवटी अंत्यविधीत जातो. मलावीत अंत्ययात्रेला जाणे ही टाळता न येणारी सामाजिक जबाबदारी आहे. मृतदेह दफन होईपर्यंत गावातील शेतीकाम थांबते आणि आलेल्या पाहुण्यांना जेवू घालावे लागते. नव्वदच्या दशकात आठवड्याला एखादा तरी मृत्यू होत असलेल्या गावांत या प्रथेचा बोजा निरोगी घरांवरही पडला. मुलांच्या वाट्याला येणारे घर हे असे, सगळे विकून झालेले असते, आणि त्यातही बहुतेकदा दोघांपैकी उरलेला पालकही त्याच विषाणूने बाधित असे.

एड्समुळे दुष्काळ पडतो का?

२००१-०२ मध्ये मलावीसह आफ्रिकेच्या दक्षिण भागातील अनेक देशांत अन्नटंचाई आली, तेव्हा अॅलेक्स डी वाल आणि अॅलन व्हाइटसाइड या अभ्यासकांनी २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशी मांडणी केली की हा नव्या प्रकारचा दुष्काळ आहे : पूर्वी पाऊस हुकल्यावर तगून राहण्यासाठी ग्रामीण कुटुंबांकडे ज्या युक्त्या होत्या, त्या सगळ्या धडधाकट प्रौढांच्या श्रमांवर आणि अनुभवावर उभ्या होत्या, आणि एड्सने नेमके तेच काढून घेतले. ही मांडणी विचार करायला लावणारी होती, पण नंतरच्या अभ्यासांतून सर्व देशांत ती सारख्या प्रमाणात सिद्ध झाली नाही. त्या वर्षीच्या टंचाईमागे बिघडलेला हंगाम आणि सरकारी राखीव धान्यसाठा विकला जाणे अशीही कारणे होती. एवढे मात्र म्हणता येते, की टंचाईच्या वर्षी सर्वप्रथम कोसळणाऱ्या घरांत आजारी माणूस असलेली किंवा नुकताच मृत्यू झालेली घरे मोठ्या संख्येने होती.

‘एड्समुळे अनाथ’ झालेले मूल कोणाला म्हणतात आणि अशी मुले किती आहेत?

संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार, आई, वडील किंवा दोघेही एड्सने गमावलेले अठरा वर्षांखालील मूल या गणनेत धरले जाते. म्हणजे ज्याची आई हयात आहे तेही मूल येथे ‘अनाथ’ ठरते. मराठीत आपण सहसा तसे म्हणत नाही, त्यामुळे हे आकडे वाचताना गैरसमज होतो. जगभरात अशी मुले सुमारे १.४ कोटी असल्याचे अंदाज आहेत आणि त्यांतील बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत.

ही गणना सोयीची असली तरी अपुरी आहे. आईवडील दोघेही अंथरुणाला खिळलेले मूल त्यात येत नाही. आजीने चार अनाथ नातवंडे घरात घेतल्यामुळे ज्याच्या ताटातील घास निम्मा झाला, ते तिच्या दुसऱ्या मुलाचे मूलही येत नाही. मदत ‘फक्त अनाथांना’ देण्याच्या योजनांनी काही गावांत एकाच घरातील मुलांमध्ये भेद निर्माण केला, आणि त्यानंतर संस्थांनी ‘अनाथ व असुरक्षित मुले’ अशी व्यापक वर्गवारी स्वीकारली.

आईवडील गेल्यावर मुलांना कोण सांभाळते?

आजी. दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेतील दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच उत्तर आहे. मलावीत आजीआजोबांना ‘आगोगो’ म्हणतात, आणि एड्सच्या काळातील ग्रामीण मलावी ज्यांनी उभा ठेवला त्यांत या वृद्ध स्त्रियांचा वाटा सरकार, चर्च आणि परदेशी संस्था या सर्वांच्या वाट्यापेक्षा मोठा आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. आपल्या म्हातारपणी ज्यांच्यावर विसंबायचे ती मुलेच गेल्यानंतर, साठी-सत्तरीच्या बाईने पुन्हा कुदळ हाती घेऊन पाच-सहा जणांचा मका पिकवायचा, अशी ही व्यवस्था होती.

कोणते मूल कोठे जाईल हे त्या समाजातील नातेरचनेवर अवलंबून असते. मध्य आणि दक्षिण मलावीतील चेवा, याओ आणि लोम्वे समाज मातृवंशीय आहेत. तेथे जमीन आईकडून मुलींकडे जाते, पुष्कळदा नवराच बायकोच्या गावी राहायला येतो आणि मुलांच्या बाबतीत मामाचा शब्द महत्त्वाचा असतो. वडील वारले तरी मुले आईच्या गावी, आईच्या जमिनीवरच राहतात; आई वारली तर वडील बरेचदा आपल्या गावी परततात आणि मुले आजीकडे राहतात. उत्तरेकडील तुंबुका समाज पितृवंशीय आहे. तेथे नवरा वारल्यावर सासरचे लोक घरातील भांडीकुंडी, जनावरे, कधी जमीनही ताब्यात घेत आणि विधवा मुलांसह किंवा मुलांविना माहेरी परतत असे. मालमत्ता हिसकावण्याचे हे प्रकार केवळ उत्तरेपुरते नव्हते, आणि एड्समुळे तरुण विधवांची संख्या वाढल्यावर ते इतके वाढले की २०११ मध्ये मलावीने वारसाहक्काचा नवा कायदा करून त्यासाठी शिक्षा ठरवली. कायदा झाला म्हणून खेड्यातील विधवा लगेच न्यायालयात जाते असे नाही. तिला दिराशी आणि गावप्रमुखाशी त्याच गावात निभवायचे असते.

लहान मुलेच कुटुंबप्रमुख झालेली घरे खरोखर किती असतात?

फार थोडी. दूरचित्रवाणीच्या वार्तांकनामुळे, बारा वर्षांची बहीण धाकट्या भावंडांना वाढवत आहे हेच आफ्रिकेतील एड्सचे चित्र अनेकांच्या मनात बसले आहे. अशी घरे आहेत आणि त्यांची स्थिती अत्यंत हलाखीची असते, परंतु घराघरांच्या सर्वेक्षणांत त्यांचे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याहूनही कमी आढळते. कित्येकदा अशा घराच्या चार पावलांवर मावशी किंवा चुलत आजी राहत असते आणि जमीन हातची जाऊ नये म्हणून मुलांनी आपले घर सोडलेले नसते.

नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांना सारखी वागणूक मिळते का?

नेहमीच नाही, आणि हे मोजले गेले आहे. अर्थतज्ज्ञ अॅन केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा आफ्रिकी देशांतील सर्वेक्षणांच्या आधारे २००४ मध्ये दाखवून दिले, की एकाच छताखाली राहणाऱ्या मुलांतही अनाथ मूल शाळेत असण्याची शक्यता कमी असते, आणि कुटुंबप्रमुखाशी त्याचे नाते जितके लांबचे तितकी ती आणखी घटते. म्हणजे आजीच्या घरी वाढणारे मूल आणि दूरच्या चुलत्याच्या घरी वाढणारे मूल यांच्या नशिबात फरक पडतो. टांझानियाच्या कागेरा प्रदेशात, जो राकाईला लागूनच आहे, १९९१ ते १९९४ या काळात पाहणी केलेल्या मुलांचा संशोधकांनी २००४ मध्ये पुन्हा शोध घेतला. तोवर ती मोठी झाली होती. ज्यांची आई लहानपणी वारली होती, त्यांची अंतिम उंची सरासरी दोन सेंटिमीटरने कमी भरली आणि त्यांचे शिक्षण साधारण एका वर्षाने कमी झाले होते. दोन सेंटिमीटर ही किरकोळ बाब वाटू शकते. पण तो सरासरीचा आकडा आहे आणि ही तूट नंतर भरून निघत नाही.

यावरून नातेवाईक दुष्ट असतात असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ज्या घरात दोनच वह्या घेता येतात, तेथे त्या कोणाला मिळतील हा निर्णय रोज कोणाला तरी घ्यावाच लागतो.

शाळा मोफत असताना मुले शाळा का सोडतात?

मलावीने १९९४ मध्ये, बहुपक्षीय निवडणुकीनंतर लगेच, प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि एका वर्षात पटावरील मुलांची संख्या सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. हे पाऊल मोठेच होते. मात्र शिक्षक तेवढे नव्हते आणि जे होते त्यांतीलही अनेक जण याच आजाराने मरत होते. शंभराहून अधिक मुलांचा वर्ग झाडाखाली भरणे ही तेथे अपवादात्मक गोष्ट राहिली नाही. शुल्क नसले तरी गणवेश, वह्या, साबण यांचा खर्च उरतोच, आणि माध्यमिक शाळेचा खर्च तर बहुतेक ग्रामीण घरांच्या आवाक्याबाहेर असतो. परंतु आजारी माणसाच्या घरात शाळा सुटण्याचे मुख्य कारण पैसा नसून वेळ हे असते. पाणी, सरपण, स्वयंपाक आणि शुश्रूषा ही कामे मुलीकडे येतात. मुलगे गान्यूला किंवा दुसऱ्याची गुरे राखायला जातात.

मुलीच्या बाबतीत यापुढची पायरी लग्नाची असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मलावीतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी ४२ टक्क्यांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. वयाने मोठ्या पुरुषाशी लग्न, किंवा साबण आणि जेवणाच्या मोबदल्यात ठेवलेले संबंध, यांतून लागण पुढच्या पिढीत जाते. संविधानातील दुरुस्तीनंतर २०१७ पासून विवाहाचे किमान वय कोणत्याही अपवादाविना अठरा आहे.

आईला एचआयव्ही असेल तर बाळाला लागण होतेच का?

नाही. कोणताही उपचार न केल्यास गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आई वेळेवर आणि नियमित औषध घेत असेल तर ती पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. उलटपक्षी, लागण झालेल्या बाळाला उपचार मिळाले नाहीत तर अशी निम्मी बाळे दुसऱ्या वाढदिवसाआधीच दगावतात.

या बाबतीत मलावीने जगाला एक वाट दाखवली. २०१० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय शिफारस अशी होती, की गर्भवतीच्या रक्तातील सीडी-४ पेशी (विषाणू ज्यांचा नाश करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) मोजून तिला आयुष्यभराचा उपचार द्यायचा की तात्पुरता हे ठरवावे. मलावीच्या आरोग्य खात्याने विचारले, की ज्या आरोग्य केंद्रात वीज नाही तेथे या पेशी मोजणार कशा? शिवाय तेथील स्त्रीला अनेक मुले होतात आणि प्रत्येकाला ती दीर्घकाळ पाजते, मग औषध सुरू-बंद करण्यात अर्थ काय? म्हणून २०११ मध्ये त्यांनी प्रत्येक बाधित गर्भवती आणि स्तनदा मातेला, पेशी न मोजता, त्याच दिवसापासून आयुष्यभरासाठी एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधे, देण्याचे धोरण लागू केले. एका तिमाहीत उपचार सुरू करणाऱ्या अशा स्त्रियांची संख्या २०११ च्या मध्यास १,२५७ होती, ती २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत १०,६६३ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये याच दिशेने आपली शिफारस बदलली. आंतरराष्ट्रीय पातळीवर आखलेला नियम गरीब देशाला लागू पडत नाही हे त्या देशानेच ठणकावून सांगावे आणि जगाने ते ऐकावे, असे सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात वारंवार घडलेले नाही.

मग बाळाला आईचे दूध द्यावे की देऊ नये?

आई एआरटी नियमित घेत असेल तर द्यावे, आणि पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे. एके काळी पावडरच्या दुधाचा पुरस्कार केला जात होता. परंतु जेथे पाणी शुद्ध नाही तेथे त्या दुधातून अतिसार होतो. बोत्सवानात २००५-०६ च्या अतिवृष्टीनंतर आलेल्या अतिसाराच्या साथीत पावडरचे दूध पिणारी बाळे मोठ्या संख्येने दगावली, आणि हा धडा फार महागात पडला.

लागण झालेल्या मुलांना उपचार मिळतात का?

मिळतात, पण प्रौढांच्या तुलनेत कमी. चौदा वर्षांपर्यंतच्या बाधित मुलांपैकी जगभरात जेमतेम पन्नास-साठ टक्के मुलांपर्यंत औषध पोहोचते, तर प्रौढांत हे प्रमाण पाऊणशे टक्क्यांच्या पुढे आहे. पहिली अडचण निदानाची असते. आईची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध तिच्या शरीराने तयार केलेली प्रथिने, बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे ती शोधणारी साधी चाचणी उपयोगी पडत नाही. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि अहवाल येईपर्यंत आईचा पत्ताच लागत नाही, असेही होते. दुसरी अडचण औषधांचीच होती. मुलांसाठी वेगळ्या गोळ्या नसल्याने मलावीत सुरुवातीला प्रौढांची गोळी मोडून अर्धी किंवा पाव दिली जात असे. पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीविरोधी औषधाची गोळी २०२० नंतर आल्यावर या स्थितीत खरा फरक पडला.

तिसरी अडचण औषधालयात सुटणारी नाही. अनेक आज्या मुलाला गोळी कशासाठी आहे हे सांगत नाहीत. ‘ताकदीची गोळी’, ‘छातीची गोळी’ असे सांगून वर्षे निघतात, कारण मुलाने शाळेत बोलून दाखवले तर सगळ्या घराकडे बोट दाखवले जाईल ही भीती असते, आणि सांगायचे झाल्यास त्याची आई कशाने गेली हेही सांगावे लागते. तेरा-चौदाव्या वर्षी मूल स्वतःच अंदाज बांधते आणि रागाने गोळ्या फेकून देते. याच कारणाने राजधानी लिलाँग्वेसह अनेक ठिकाणी किशोरवयीनांचे गट शनिवारी भरू लागले, जेथे खेळ आणि जेवण यांच्यासोबत ही चर्चा समवयस्कांत होऊ शकते. उपाशीपोटी गोळी घेतल्यावर मळमळते, ही तक्रारही तेथे हमखास ऐकू येते आणि तिचे मूळ पुन्हा जानेवारी ते मार्चच्या रिकाम्या कणगीत असते.

औषध अस्तित्वात असताना ते खेड्यांत पोहोचायला इतका उशीर का झाला?

तीन औषधांचा परिणामकारक उपचार १९९६ पासून उपलब्ध होता, पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने, तिचे प्रमुख युसूफ हमीद यांच्या पुढाकाराने, तीच तीन औषधे ‘मेदसां सां फ्राँतिएर’ या वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे औषधाच्या रेणूवर नव्हे तर केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेवर मक्तेदारी मिळत असे, आणि म्हणूनच हे शक्य झाले. मलावी सरकारने २००४ मध्ये ग्लोबल फंडाच्या, म्हणजे एड्स, क्षयरोग आणि हिवताप यांच्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या, पैशातून मोफत उपचार सुरू केले, तेव्हा पहिल्या फळीतील गोळी याच तीन औषधांच्या एकत्रित प्रकारची होती.

किंमत उतरल्यावर दुसरा आक्षेप पुढे आला. आफ्रिकेतील खेडुतांकडे घड्याळे नाहीत, ते वेळेवर गोळ्या घेऊ शकणार नाहीत, असे अमेरिकेच्या मदतसंस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनी २००१ मध्ये सुचवले होते. पाच वर्षांनी अभ्यास झाले तेव्हा औषध नियमितपणे घेण्यात आफ्रिकेतील रुग्ण उत्तर अमेरिकेतील रुग्णांपेक्षा सरस आढळले. त्या आक्षेपाला यापेक्षा अधिक जागा देण्याची गरज नाही. खरा अडथळा मनुष्यबळाचा होता. लाखामागे एक-दोन डॉक्टर असलेल्या मलावीने हे काम परिचारिका, क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी) आणि गावोगाव फिरणारे आरोग्य सहायक यांच्याकडे सोपवले. सन २००० च्या आसपास पंचेचाळीसच्या घरात घसरलेले देशातील सरासरी आयुर्मान आज साठीच्या पुढे आहे.

थेट पैसे दिल्याने काही साधते का?

साधते, आणि अपेक्षेपेक्षा अधिक. मलावीने २००६ मध्ये म्चिंजी जिल्ह्यात एक योजना सुरू केली, जी पुढे ‘म्तुकुला पाखोमो’ या नावाने सर्व जिल्ह्यांत गेली. तिचा निकष विचारपूर्वक ठरवला आहे : घर अत्यंत गरीब असले पाहिजे आणि त्यात काम करण्याजोगे हात कमी असले पाहिजेत. मृत्यूचे कारण विचारले जात नाही, एड्सचे नाव घेतले जात नाही, त्यामुळे कलंकही लागत नाही. तरीही नातवंडे सांभाळणारी आजी आपोआप यादीत येते. मूल्यमापनांत अशा घरांतील अन्न, शाळेतील हजेरी आणि शेळ्या-कोंबड्या या तिन्ही गोष्टी वाढलेल्या आढळल्या. रक्कम तुटपुंजी असते, कधी महिनोन्‌महिने उशिरा येते, आणि मोजक्याच घरांना निवडल्यामुळे गावात कुरबुरीही होतात. कोणालाही डावलणे पटत नसल्याने काही ठिकाणी लोक मिळालेले पैसे आपसांत वाटूनही घेतात.

झोंबा जिल्ह्यात २००८-०९ मध्ये झालेल्या एका प्रयोगात अविवाहित किशोरवयीन मुलींना आणि त्यांच्या कुटुंबांना दरमहा थोडी रक्कम देण्यात आली. दीड वर्षानंतर, सुरुवातीला शाळेत असलेल्या मुलींमध्ये लागणीचे प्रमाण रक्कम मिळालेल्या गटात १.२ टक्के आणि न मिळालेल्या गटात ३.० टक्के आढळले. रक्कम मिळालेल्या मुलींना वयाने मोठ्या पुरुषांवर विसंबण्याची गरज कमी पडली होती. गावातील स्त्रियांचे ‘बांकी न्खोंदे’ हे बचतीचे गटही हेच काम छोट्या प्रमाणावर करतात; महाराष्ट्रातील बचत गटाच्या सदस्येला त्यांची वही पाहताच कामकाज समजेल.

या मुलांसाठी अनाथाश्रम काढणे चांगले नाही का?

बहुतेक वेळा नाही. संस्थेत एका मुलावर होणाऱ्या खर्चात नातेवाइकांकडची अनेक मुले सांभाळता येतात. संस्थेत वाढलेले मूल गावातील जमिनीवरचा आणि नात्यांतला आपला हक्क गमावते, आणि अनेक देशांत संस्थांतील बहुसंख्य मुलांचा किमान एक पालक हयात असल्याचे दिसून आले आहे. अशा मुलांना तेथे गरिबीमुळे ठेवलेले असते. परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर चालणारी बालगृहे मुलांना घरून आणण्यासाठी स्वतःच निमित्त ठरतात, हा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. मलावीच्या धोरणात संस्था हा शेवटचा पर्याय मानला आहे. त्याऐवजी गावोगावची समुदाय बालसंगोपन केंद्रे अधिक उपयोगी पडली, जेथे सकाळी मका-सोयाबीनच्या पिठाची लापशी मिळते आणि आजीला शेतावर जायला चार तास मोकळे मिळतात. भारतातून मदत पाठवू इच्छिणाऱ्यांनी बालगृहाऐवजी अशा केंद्रांना, शाळेच्या खर्चाला किंवा आरोग्य केंद्रापर्यंतच्या प्रवासखर्चाला हातभार लावावा.

२०२५ पासून परिस्थिती बदलली आहे का?

होय. मलावीतील एचआयव्हीच्या कामाचा मोठा भाग परदेशी पैशावर, मुख्यतः ग्लोबल फंड आणि अमेरिकेच्या २००३ पासूनच्या पेपफार या एड्सविरोधी कार्यक्रमावर चालत आला आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली आणि त्याच वर्षी तिची मदतसंस्था बंद केली. फेब्रुवारीत दिलेल्या मर्यादित सवलतीत औषधोपचार आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचे काम धरले होते. अनाथ आणि असुरक्षित मुलांचे कार्यक्रम, ज्यांच्यासाठी पेपफारच्या निधीतील दहा टक्के रक्कम कायद्याने राखून ठेवलेली होती, त्या सवलतीत नव्हते. परिणामी गोळ्या केंद्रात असूनही त्या मुलापर्यंत नेणारी माणसे कमी झाली : घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्या, औषध न्यायला न आलेल्या मुलाचा शोध घेणारे सहायक, किशोरांचे गट चालवणारे तरुण. मलावी सरकारने यांतील काही कामे स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडे वळवण्याचा प्रयत्न चालवला आहे, परंतु त्याच आरोग्य सहायकाकडे लसीकरण, हिवताप आणि कॉलऱ्याचे कामही असते.